काजूची साल, चांदी आणि जंतू: पानाचं काम कुठे संपतं, धातूचं कुठे सुरू होतं

सोललेल्या काजूगराची पातळ तांबडी साल जिभेवर ठेवली की तोंड आवळून येतं. हिरव्या बोंडूचा आणि कच्च्या सुपारीचा तुरटपणाही त्याच जातीचा. झाड ही रसायनं स्वतःच्या बचावासाठी तयार करतं. कीड लागू नये, बुरशी चढू नये, कडक उन्हाने पान करपू नये, अशी त्यांची कामं. या तुरट, पिवळ्या, तांबड्या, जांभळ्या रसायनांचा एक मोठा गट म्हणजे फ्लॅव्होनॉइड. कांद्याच्या सुक्या पापुद्र्यात ती असतात, रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, लाल सालीत असतात, आंब्याच्या पानात असतात आणि काजूच्या सालीत तर भरपूर असतात.

याच रसायनांच्या मदतीने चांदीचे अतिसूक्ष्म कण बनवता येतात आणि ते कण जंतू मारतात. गेल्या वीसेक वर्षांत जगभरातल्या प्रयोगशाळांनी शेकडो वनस्पतींवर हा प्रयोग केला आहे. महाविद्यालयीन प्रकल्पालाही तो सोयीचा, कारण पानं परसात मिळतात आणि द्रावणाचा रंग डोळ्यांदेखत बदलतो. पण प्रयोग संपल्यावर ‘अमुक पानाने जंतू मारले’ असं जे वाक्य लिहिलं जातं, ते मला खटकतं. पान काय करतं आणि चांदी काय करते हे वेगळं समजून घेतलं नाही, तर हा सगळा खटाटोप नुसता रंग पाहण्यापुरता उरतो.

आधी चांदीकडे बघू. १८८०च्या सुमारास जर्मनीतले प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली. जन्माच्या वेळी आईकडून बाळाच्या डोळ्यांना होणारा एक संसर्ग तेव्हा अंधत्वाचं मोठं कारण होता. या थेंबांनी तो झपाट्याने घटला. पुढे १९६५ साली अमेरिकेत मॉयर यांनी भाजलेल्या जखमांवर ०.५ टक्के सिल्व्हर नायट्रेटमध्ये भिजवलेल्या पट्ट्या वापरल्या आणि १९६८ साली चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिन हे औषध आणलं. भाजलेल्या कातडीवर दवाखान्यात लावतात ते पांढरं मलम बहुतेकदा हेच असतं.

मॉयर यांच्या पट्ट्यांची एक अडचण होती. त्या सतत ओल्या ठेवाव्या लागत, पुन्हापुन्हा द्रावण ओतावं लागे. कारण आपल्या शरीरातल्या द्रवात मीठ असतं. पाण्यात विरघळलेल्या चांदीचा आयन, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेला चांदीचा अणू, मिठातल्या क्लोराइडला भेटला की दोघं मिळून पांढरा, जवळजवळ न विरघळणारा साका होतो. जखमेतल्या पाण्यात चांदीचे सुटे आयन असेच लवकर अडकून पडतात. म्हणून आयन एकदम न सोडता थोडे थोडे सोडत राहील असा साठा हवा होता. चांदीच्या नॅनोकणांचं, म्हणजे त्या अतिसूक्ष्म कणांचं, खरं महत्त्व इथे आहे. कण स्वतः बराच काळ टिकतो आणि त्याच्या पृष्ठभागावरून हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने एकेक आयन सुटत राहतो.

आयन सुटला की तो काय करतो हे समजायला खाडीकडे जावं लागेल. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड या गंधकयुक्त वायूचा. अशा हवेत चांदीचे पैंजण लवकर काळे पडतात, कारण चांदीला गंधकाची अतोनात ओढ असते आणि दोघांच्या संयोगातून काळं सिल्व्हर सल्फाइड तयार होतं. जंतूच्या शरीरातल्या अनेक एन्झाइमांच्या कामाच्या जागीही गंधक असतो. चांदीचा आयन तिथे जाऊन चिकटतो आणि ते एन्झाइम बंद पडतं. श्वसनाची साखळी तुटते, पेशीचं आवरण गळू लागतं, पेशीत घातक ऑक्सिजन-रसायनं साचतात, डीएनएवरही परिणाम होतो. एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव बसतो. बहुतेक प्रतिजैविकं एखाद्याच ठिकाणी मारा करतात, त्यामुळे चांदीचा हा गुण संशोधकांना मोलाचा वाटतो.

आता आकाराचा हिशेब. एक सेंटिमीटर बाजूचा चांदीचा ठोकळा साडेदहा ग्रॅम भरतो आणि त्याचा बाहेरचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर असतो. नॅनोमीटर म्हणजे सेंटिमीटरचा एक कोटीवा भाग. तोच ठोकळा १० नॅनोमीटर बाजूच्या तुकड्यांत कापता आला, तर एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे. चांदी तेवढीच, पण आयन सोडणारी जागा दहा लाख पटींनी वाढली. १० नॅनोमीटर व्यासाच्या एका गोल कणात साधारण ३० हजार अणू मावतात. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू सुमारे २००० नॅनोमीटर लांब असतो, म्हणजे त्याच्या लांबीत असे दोनशे कण ओळीने बसतील.

असे कण बनवण्यासाठी मोठी चांदी कापत बसत नाहीत. उलट, सुट्या आयनांपासून कण वाढवत नेतात. सिल्व्हर नायट्रेट पाण्यात विरघळवलं की आयन मोकळे होतात. त्या प्रत्येकाला हरवलेला इलेक्ट्रॉन परत दिला की तो साधा अणू होतो, आणि असे अणू एकत्र येऊन कण तयार होतो. प्रश्न एवढाच की इलेक्ट्रॉन द्यायचा कोणी. नेहमीच्या रासायनिक पद्धतींत सोडियम बोरोहायड्राइड किंवा हायड्राझिन वापरतात. यातलं हायड्राझिन विषारी आहे, तर बोरोहायड्राइड जपून हाताळावं लागतं. फ्लॅव्होनॉइड हे काम सौम्यपणे करतात.

फ्लॅव्होनॉइडचा सांगाडा पंधरा कार्बन अणूंचा असतो. सहा-सहा कार्बनची दोन कडी आणि त्यांना जोडणारा तीन कार्बनचा पूल. या सांगाड्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या लटकत असतात. कांद्यातल्या क्वेर्सेटिन या फ्लॅव्होनॉइडवर अशा पाच असतात. काजूच्या सालीत मुख्यतः सापडतात ती कॅटेचिन आणि एपिकॅटेचिन, त्यांच्यावरही पाचच. यातल्या दोन जोड्या एकाच कड्यावर शेजारी शेजारी असतात, आणि खरं काम त्या शेजाऱ्यांचं. ते दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकतात आणि स्वतः क्विनोन नावाच्या रूपात जातात. एका रेणूच्या या एका बदलातून दोन आयनांचे दोन अणू होतात.

कण तयार झाला तरी अडचण संपत नाही. इतके बारीक कण एकमेकांना चिकटून मोठ्या गुठळ्या होतात आणि तळाशी बसतात. मग ते सहा गुंठे पुन्हा आक्रसतात. फणस कापताना चीक हाताला बसू नये म्हणून आपण आधी खोबरेल तेल चोळतो. तसाच थर फ्लॅव्होनॉइड आणि पान-साल उकळून काढलेल्या अर्कातली इतर रसायनं कणाभोवती धरतात, त्यामुळे कण सुटे राहतात. इलेक्ट्रॉन देणं आणि थर धरणं ही दोन कामं एकाच अर्काने होतात, ही या पद्धतीची मोठी सोय. रासायनिक पद्धतीत थरासाठी बहुधा वेगळं रसायन लागतं.

रंगही याच कणांमुळे येतो. चांदीच्या सूक्ष्म कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर झुलतात आणि ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश शोषून घेतात. उरलेला प्रकाश आपल्याला पिवळसर, मग तपकिरी दिसतो. कोणता प्रकाश किती शोषला गेला हे मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या आलेखावर या पट्ट्यात एक शिखर उमटतं. ते उंच आणि अरुंद असेल तर कण साधारण एका आकाराचे, रुंद होऊन उजवीकडे सरकलं तर कण मोठे झाले किंवा गुठळ्या झाल्या असं मानतात.

या विषयात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, हे आपल्याकडेच फारसं ठाऊक नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०००नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आधी बुरशी आणि मग पानांचे अर्क वापरून चांदी-सोन्याचे नॅनोकण बनवले. कडुनिंबाच्या पानांवरचा त्यांचा २००४ सालचा शोधनिबंध आजही जगभर आधाराला घेतला जातो. त्याच वर्षी त्यांनी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे चपटे त्रिकोणी कण मिळवल्याचं प्रसिद्ध केलं. कोकणात पावसाळ्यात घरोघरी चहात पडणारी ती पात धातूच्या कणाला आकार देऊ शकते, ही मला आजही विलक्षण गोष्ट वाटते.

मात्र किनाऱ्यावर हा प्रयोग करणाऱ्याने एका गोष्टीची सतत काळजी घ्यायला हवी, ती म्हणजे मीठ. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. अशा पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पानाचा अर्क घालण्याआधीच पाणी दुधाळ होतं, कारण चांदी क्लोराइड होऊन बसते. तो पांढरा साका उजेडात ठेवला की जांभळट, करडा, तपकिरी होत जातो. जुन्या छायाचित्रकलेचा पाया हाच बदल होता. इकडे मात्र तो रंग पाहून ‘कण झाले’ असा समज होऊ शकतो. म्हणून पाणी ऊर्ध्वपातित हवं, नळाचंही चालत नाही. कोकम वापरायचं असेल तर बाजारातलं आगळ किंवा आमसूल घेऊ नये, दोन्हींत मीठ असतं. ताज्या रातांब्याची साल घ्यावी. खाडीतल्या तिवराची पानं घ्यायची असतील तर त्यांच्यावरचे मिठाचे कण उन्हात चमकताना दिसतात. तिवर जादा मीठ पानांतूनच बाहेर टाकतो. ती पानं वरून कितीही धुतली तरी आतलं मीठ अर्कात उतरतंच. अशा वेळी तयार झालेला पदार्थ शुद्ध चांदीचा आहे की चांदीच्या क्लोराइडचा, हे क्ष-किरणांच्या चाचणीनेच ठरवावं लागतं.

कोकमाची दुसरी गंमत त्याच्या आंबटपणात आहे. फ्लॅव्होनॉइड इलेक्ट्रॉन सोडतं तेव्हा हायड्रोजनही सोडतं, आणि आजूबाजूला आम्ल जास्त असेल तर ते सोडणं अवघड जातं. त्यामुळे लाल रंगद्रव्यांनी भरलेली रातांब्याची साल असूनही प्रक्रिया मंद चालते. थोडा अल्कली घालून आम्लता कमी केली की वेग वाढतो. पण अल्कली जास्त झाला तर चांदीचं ऑक्साइड बनतं आणि तेही तपकिरीच असतं. या प्रयोगात नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवता येत नाही तो असा.

बरं, ‘फ्लॅव्होनॉइडांनीच केलं’ हे तरी कशावरून? पानाच्या अर्कात टॅनिन असतं, साखर असते, प्रथिनं असतात, क जीवनसत्त्व असतं, आणि यातले बरेचजण इलेक्ट्रॉन देऊ शकतात. अवरक्त प्रकाशाच्या चाचणीत ऑक्सिजन-हायड्रोजन जोडीचा ठसा दिसला म्हणून ती जोडी फ्लॅव्होनॉइडाचीच, असं म्हणता येत नाही. साखरेतही ती असते. खात्री करायची तर शुद्ध क्वेर्सेटिन किंवा कॅटेचिन घेऊन तोच प्रयोग करावा आणि अर्काच्या निकालाशी ताडून बघावा. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी एक चांगली तुलना हाताशी आहे. लाल कांद्याच्या सुक्या पापुद्र्यात क्वेर्सेटिन भरपूर असतं, पांढऱ्या कांद्यात अगदी कमी. अलिबागचा पांढरा कांदा आणि घाटावरून येणारा लाल कांदा, दोन्हींच्या पापुद्र्यांचे सारख्या वजनाचे अर्क घेऊन एकाच तापमानाला, एकाच आम्लतेला चांदीवर टाकावेत. क्वेर्सेटिनच काम करत असेल तर दोघांच्या वेगात फरक दिसायला हवा. नाही दिसला, तर अर्कातलं दुसरं कोणीतरी काम करतंय हे कळेल, आणि तेही तितकंच मोलाचं.

अर्क रोज सारखा निघत नाही, हेही ध्यानात घ्यावं. कडक उन्हात वाढलेल्या पानात फ्लॅव्होनॉइड सहसा जास्त असतात, कारण अतिनील किरणांपासून बचाव हे त्यांचं एक काम आहे. कातळसड्यावरच्या झाडाचं एप्रिलमधलं पान आणि सावलीतल्या झाडाचं श्रावणातलं पान यांत फरक पडणारच. म्हणून पान कुठलं, कोणत्या महिन्यातलं, कोवळं की जून, याची नोंद नसलेला प्रयोग दुसऱ्याला पुन्हा करता येत नाही.

आता जंतूंची चाचणी. काचेच्या बशीत पोषक जेलीवर जीवाणू पसरतात, जेलीत छोटी विवरं पाडून त्यांत द्रावण घालतात आणि बशी रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात. जिथे जीवाणू वाढले नाहीत तिथे विवराभोवती स्वच्छ गोल दिसतो. गोल जितका मोठा तितका परिणाम मोठा, असं मानण्याचा मोह होतो. पण गोलाचा आकार पदार्थ जेलीत किती लांब पसरतो यावरही ठरतो. सुटे आयन सहज पसरतात, कण सावकाश.

म्हणून त्याच बशीत नुसता पानाचा अर्क हवा. नुसतं पाणी आणि एखादं ओळखीचं प्रतिजैविकही हवं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तेवढ्याच चांदीचं नुसतं सिल्व्हर नायट्रेट हवं. अनेकदा नेमकं हेच राहून जातं. प्रक्रिया अर्धवट झाली असेल तर द्रावणात न बदललेले आयन शिल्लक असतात आणि जंतू त्यांनीच मारलेले असू शकतात. कण सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसवायचे, वरचं पाणी काढून टाकायचं, पुन्हा धुवायचे आणि मगच चाचणी घ्यायची. त्याच्या पुढची पायरी म्हणजे द्रावण पातळ करत करत किती कमी मात्रेपर्यंत वाढ थांबते ते मोजणं. नुसत्या गोलापेक्षा हा आकडा जास्त भरवशाचा.

२०१२ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी हा प्रश्न मुळापासून तपासला. त्यांनी ऑक्सिजनविरहित वातावरणात नॅनोकण आणि ई. कोलाय एकत्र ठेवले. ऑक्सिजन नसल्याने कणांतून आयन सुटले नाहीत आणि जीवाणूंवर कणांचा जवळजवळ काहीच परिणाम झाला नाही. म्हणजे तिथे मारक ठरला तो आयन आणि कण हा त्याचा साठा. कण पेशीच्या भिंतीला चिकटून आयन अगदी जवळून सोडतो, हा त्याचा फायदा आहेच. पण पानाच्या नावाने जी ताकद सांगितली जाते, तिचा मोठा भाग चांदीचा असतो. पानाचं श्रेय कण बनवण्याचं आणि ते सांभाळण्याचं. ते श्रेय लहान नाही.

जीवाणू चांदीलाही तोंड देतात. १९७५ साली अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या भाजलेल्या रुग्णांच्या विभागात चांदीला न जुमानणारे साल्मोनेला सापडल्याची नोंद आहे. पुढे त्यांच्यातली चांदी बाहेर फेकणारी जनुकंही ओळखली गेली. २०१८ साली चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी दाखवलं की चांदीच्या कणांशी वारंवार गाठ पडल्यावर ई. कोलाय आपल्या शेपटीचं प्रथिन, फ्लॅजेलिन, बाहेर सोडतो आणि त्यामुळे कणांच्या गुठळ्या होऊन ते निकामी होतात. कणांना आणखी थर देऊनही उपयोग झाला नाही. डाळिंबाच्या सालीचा अर्क घातल्यावर मात्र फ्लॅजेलिन तयार होणं दबलं आणि कण पुन्हा परिणाम करू लागले. वनस्पतीचा अर्क कण बनवण्यापलीकडे काही करू शकतो याचा इतका नेमका पुरावा मला फार आवडतो, कारण इथे अर्काचं काम वेगळं काढून दाखवलेलं आहे.

बाजारात ‘हर्बल नॅनो सिल्व्हर’ म्हणून प्यायच्या बाटल्या विकल्या जातात. त्या पिऊ नयेत. पिण्याच्या पाण्यात चांदीची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. प्रयोगशाळेत नेहमी वापरतात त्या सौम्य द्रावणात लिटरमागे ०.१७ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट असतं, म्हणजे १०८ मिलिग्रॅम चांदी, मर्यादेच्या हजारपटीहून अधिक. दीर्घकाळ चांदी पोटात गेली तर कातडी निळसर-करडी होते आणि तो रंग सहसा कायमचा राहतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी १९९९ सालीच जाहीर केलं की, डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकली जाणारी चांदीची अशी द्रावणं सुरक्षित किंवा परिणामकारक मानता येत नाहीत. पाणी गाळणाऱ्या उपकरणांत चांदीचा वापर होतो, ती गोष्ट निराळी. २००९ साली आलेल्या टाटा स्वच्छ या फिल्टरमध्ये भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेले होते. तिथे चांदी राखेला धरून राहावी अशी रचना असते, ती घोटाघोटाने पिण्यासाठी नसते.

समुद्रावर काम करणाऱ्यांना हे आवर्जून सांगायला हवं. जाळं ओढताना शिंगाळ्याचा काटा लागतो, पाकटाची नांगी लागते, कालवं फोडताना हात कापतो. कोमट, निमखाऱ्या पाण्यात व्हिब्रियो जातीचे काही जीवाणू असतात आणि मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसात अशी जखम काही तासांत जिवावर बेतू शकते. त्या जखमेवर घरी किंवा महाविद्यालयात बनवलेलं द्रावण लावून वाट पाहू नये. सूज भराभर चढू लागली, ताप आला, फोड उठले तर तडक रुग्णालय गाठावं. निर्जंतुक केलेली, मात्रा मोजलेली चांदीची ड्रेसिंगं असतात, ती लावायची की नाही हे डॉक्टर ठरवतील.

पानांच्या अर्काने कण बनवण्याच्या या पद्धतीला ‘हरित’ म्हणतात, त्या विशेषणाचाही हिशेब मांडायला हवा. हायड्राझिन टळलं हे चांगलंच. पण सिल्व्हर नायट्रेट तेच आहे, ते चांदी आणि नायट्रिक आम्लापासूनच बनतं. अर्क उकळायला इंधन लागतं, कण धुवायला पाणी लागतं, आणि शेवटी चांदी कुठेतरी जाते. आपल्याकडे गटाराचं पाणी बहुतेकदा खाडीलाच मिळतं. चिखलातल्या गंधकाशी बांधली गेलेली चांदी बरीच निष्क्रिय होते, पण सगळीच तिथपर्यंत पोचत नाही. कालवं पाण्यातली चांदी अंगात साठवतात, हे जगातल्या अनेक किनाऱ्यांवर आढळलं आहे, आणि आपल्या खाड्यांतली कालवं आपल्याच ताटात येतात. त्यामुळे जी साल वाया जाणार होती ती वापरली, एवढ्यावर प्रयोग हरित ठरत नाही. उरलेल्या द्रावणाचं काय केलं, तेही विचारायला हवं.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे सहज जमतं. उरलेलं सगळं द्रावण एका गडद रंगाच्या बरणीत जमवावं. त्यात थोडं मीठ घालावं, म्हणजे सुटे आयन क्लोराइड होऊन बसतात आणि बरेचसे कणही गुठळ्या होऊन खाली येतात. वरचं पाणी निवळलं की साका गाळून वाळवावा, बरणीवर नाव आणि तारीख लिहावी आणि घातक कचरा नेणाऱ्या व्यवस्थेकडे द्यावा. हाताळताना हातमोजे घालावेत. सिल्व्हर नायट्रेटचे डाग कातडीवर काळे पडतात आणि कातडी झडेपर्यंत जात नाहीत. डोळ्यात उडालं तर इजा होते, म्हणून चष्माही हवा.